छापील प्रती गेल्या, ओव्या राहिल्या

साष्टी प्रांत, रविवार, संध्याकाळची वेळ. पोरांचा घोळका दौत्रिन शिकायला बसलाय. दौत्रिन म्हणजे ख्रिस्ती धर्माची पहिली शिकवण: प्रार्थना, श्रद्धेची कलमं, दहा आज्ञा. पुस्तकं नाहीत, म्हणजे पोरांच्या हातात तरी नाहीत. सांगायचं, म्हणवून घ्यायचं, चुकलं की पुन्हा म्हणवून घ्यायचं. तेवढ्यात ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की हे पाठ करतोय ते ठीक आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही?

हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्सनं स्वतःच सांगितलाय, क्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत. (अवस्वरू म्हणजे अध्याय.) प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर जवळपास ११ हजार ओव्यांचं आहे.

प्रसंग जसाच्या तसा घडला असेल का? मला थोडी शंका आहे. पुराणाची सुरुवात श्रोत्याच्या प्रश्नानं होते ही आपली जुनी रीत. नैमिषारण्यात ऋषी विचारतात, सूत सांगायला लागतो. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेल्या या जेझुइटानं ती रीत नीट ओळखली होती. पण प्रश्न कल्पित असला तरी त्यामागची तहान कल्पित नव्हती. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त ओढतं ते हे, की मराठीतलं बायबलकथेचं पहिलं महाकाव्य स्वतःचा जन्म पाठांतराच्या वर्गात झाला असं सांगतं.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. मीरा रोडला वाढलो, इंजिनीयरिंग केलं, आता सॉफ्टवेअर लिहितो. माझं पाठांतर म्हणजे शाळेतल्या स्पर्धेसाठी केलेला गीतेचा पंधरावा अध्याय आणि थोडे मनाचे श्लोक. त्यातलं आज सलग काही येत नाही, पण कुणी सुरुवात करून दिली तर बरंच पुढं जातं. हे ‘कुणी सुरुवात करून दिली तर’ काय असतं, याच्या मागं लागून मी हा सगळा इतिहास वाचत गेलो.

घोळक्यानं पाठ करण्याची पद्धत साष्टीत जन्मलेली नव्हती. फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरला आणि रस्त्यानं घंटा वाजवत पोरं गोळा करू लागला. त्याच वर्षी तो तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवर लोकांत गेला. त्यांची भाषा त्याला येत नव्हती. थोडीफार दोन्हीकडची भाषा जाणणारी माणसं शोधून त्यानं प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, आणि मग पोरांना शिकवण्याआधी त्या स्वतः पाठ केल्या. १५ जानेवारी १५४४ला कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यानं हे सविस्तर सांगितलंय: दिवसातून दोनदा घंटा, पोरं जमा, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि वर एक काम. आज जे शिकलात ते घरी जाऊन आईवडिलांना, घरातल्यांना, शेजाऱ्यांना शिकवा.

म्हणजे गुरुजींनाच भाषा अर्धवट येते, विद्यार्थ्यांना अर्थ अर्धवट कळतो, आणि संध्याकाळी तोच विद्यार्थी शेजारच्या काकाचा गुरुजी होतो. एखाद्या आजच्या शिक्षणतज्ज्ञाला फेस येईल. पण चाललं. चाललं याचं कारण मला तरी त्या शेवटच्या कामात दिसतं. काल पाठ केलेलं आज दुसऱ्याला शिकवायचं असेल तर ते विसरायची सोयच राहत नाही.

यात एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती बाजूला ठेवून पुढं जाता येणार नाही. आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, या वाक्याच्या मागं प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी आहेत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६७ मध्ये तिथं भरलेल्या धर्मपरिषदेनं हिंदू ग्रंथ आणि पुरोहितांच्या विरोधात ठराव केले, आणि त्याच वर्षी साष्टीतली देवळं पाडली गेली. १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावाच्या मुखत्यारांना बोलावून घेतलं आणि असोळण्याच्या किल्ल्यात मारलं. स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात आला होता, म्हणजे कुंकळ्ळीचं हे सगळं त्याच्या काळात, त्याच्याच प्रांतात घडलेलं.

तेव्हा त्या संध्याकाळी दौत्रिन म्हणणाऱ्या पोरांच्या घरी काय परिस्थिती असेल ते बघा. आजीला जुन्या ओव्या येतात, पण त्या मोठ्यानं म्हणायच्या नाहीत. नातवाला नवं पाठ येतं, पण त्यात गोष्ट नाही, नुसती कलमं आहेत. स्टीफन्सनं त्या रिकाम्या जागेत गोष्ट ठेवली, आणि तीही आजीच्या छंदात. हे मला एकाच वेळी मोठं प्रेमाचं आणि फार चलाख काम वाटतं. दोन्हीतलं एकच काहीतरी निवडा म्हणाल तर मी निवडणार नाही.

क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. दोन भाग: पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा, ३६ अवस्वरू, दुसऱ्यात येशूचं चरित्र, ५९ अवस्वरू. भाषा मराठी, मधूनमधून कोकणीची छटा, लिपी मात्र रोमन. देवनागरीचे खिळे पाडावेत अशी स्टीफन्सची इच्छा होती, त्यासाठी त्यानं १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून विनंतीही केली होती. ते जमलं नाही. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या तुमच्यापैकी अनेकांनी मराठी भाषा दिनाच्या फॉरवर्डमध्ये पाहिल्या असतील. पण त्या दोन-चार ओव्यांवरून या ग्रंथाची कल्पना येत नाही. हा ग्रंथ ऐकण्यासाठी, म्हणण्यासाठी रचलेला आहे.

ओवीची बांधणी इथं महत्त्वाची. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा. म्हणणारा एखाद्या शब्दावर अडखळला तर यमक त्याला हात देतं. चुकीचा शब्द घातला तर यमक मोडतं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतं. आम्ही फाइल पाठवताना सोबत चेकसम पाठवतो, पलीकडं पोचलेली फाइल बिघडली आहे का हे कळावं म्हणून. ओवीचं यमक जवळपास तेच काम करतं. फरक इतकाच की इथं तपासणी यंत्र करत नाही, शेजारी बसलेली बाई करते.

गोव्यात रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये हे पुराण वाचलं जाई. काही गावांत ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ऐकता ऐकता त्यांचंही होऊन जायचं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. मग २७ जून १६८४ला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरनं हुकूम काढला: लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. सत्तर वर्षांपूर्वी ज्या सत्तेच्या सावलीत हे पुराण छापलं गेलं होतं, तिलाच आता त्याची भाषा नको झाली.

आता हिशेब पाहा. तीन छापील आवृत्त्या. त्या तिन्हींतली एकही प्रत आज कुठं उपलब्ध नाही. जे आपल्यापर्यंत आलं ते सगळं हस्तलिखितांतून. लोकांनी ओव्या उतरवून घेतल्या, घरात ठेवल्या, म्हटल्या, पुन्हा उतरवल्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत अशा वह्या जपल्या गेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलताननं तिथल्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं, आणि १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत ते कैदेत होते. त्या पंधरा वर्षांत या पुराणानं त्यांना धीर दिला, अशी तिकडची परंपरा सांगते. चर्च नाही, पाद्री नाही, गाव नाही. मग जे तोंडात आहे तेवढंच आपलं.

१९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालदान्यांनी हस्तलिखितं ताडून क्रिस्तपुराण पुन्हा छापलं. मग १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांच्या हाती लंडनला एक देवनागरी हस्तलिखित लागलं. विल्यम मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या कागदांत ते होतं. (अ‍ॅबट म्हणजे आपल्या महिपतीचं इंग्रजी भाषांतर करणारे मराठी मिशनचे मिशनरी.) गंमत अशी, की रोमन प्रतींत जिथं पोर्तुगीज शब्द आहेत, तिथं या प्रतीत अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. ओवी तीच, पेहराव वेगळा. पुढं १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागोंची आली, २००९ मध्ये वसईच्या फादर नेल्सन फलकाव यांची. आज ते विकत घेता येतं. पण १६५४ ते १९०७, म्हणजे अडीचशे वर्षं, छापखान्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

पाठांतराचा अभ्यास म्हटला की हर्मन एबिंगहाउसचं नाव येतं. १८८५ मध्ये या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. त्यानं प्रयोग स्वतःवरच केले: निरर्थक अक्षरांच्या याद्या एकट्यानं पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. आपल्या फोनमधली फ्लॅशकार्डची बहुतेक अ‍ॅप त्याच्या विस्मरणाच्या आलेखावर उभी आहेत. मीही ती वापरलीत, जर्मन शिकायला, आणि बहुतेकांसारखी सोडलीही. एबिंगहाउसचं गणित चुकीचं नाही. पण त्याच्या प्रयोगात मुद्दाम वगळलेल्या दोन गोष्टी होत्या, अर्थ आणि सोबती. कोकणातला इतिहास बरोबर त्याच दोन गोष्टींचा आहे.

त्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण ख्रिस्ती नाही, ज्यू आहे. बेने इस्राएल लोक अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांचं नाव ‘शनिवार तेली’. मराठी बोलणारे, आडनावं गावांवरून. ग्रंथ सगळे गेलेले, हिब्रू भाषा गेलेली. राहिलं होतं बायबलमधलं एक वाक्य: अनुवादाच्या पुस्तकातलं, देव एकच आहे हे इस्राएलला सांगणारं. त्याला शमा म्हणतात. सुंता असो, लग्न असो, मयत असो, तेच वाक्य.

पुढं डेव्हिड रहाबी नावाचा माणूस त्यांच्यात आला. काही जण त्याला अठराव्या शतकातला कोचीनचा मानतात, काही कितीतरी शतकं आधीचा. गोष्ट अशी सांगतात, की हे खरंच ज्यू आहेत का हे पाहायला त्यानं बायकांसमोर मासळी ठेवली. त्यांनी खवले-पर असलेली वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली. ती खूण, आणि दुसरी खूण ते वाक्य. मग त्यानं तीन तरुणांना हिब्रू वाचायला शिकवलं. झिराडकर, शापूरकर, राजपूरकर ही त्यांची घराणी, आणि पुढं त्यांना काजी म्हणू लागले.

या वाक्याबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली आणि मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. बायबलमध्ये त्या वाक्यानंतर लगेचच सूचना येते की हे शब्द मनात ठेवा, मुलांना शिकवा, घरात बसलेले असताना आणि वाटेनं चालताना, झोपताना आणि उठताना त्यांच्याबद्दल बोला. सूचनेचे शब्द हरवले होते. सूचना मात्र पाळली जात होती.

पुढं मुंबईत शाळा आल्या, मराठी बायबल आलं, १७९६ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं, १८७९ मध्ये ठाण्यालाही. १८८०च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी मुंबईत कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, पूर्वरंग-उत्तररंग आणि साकी-दिंडीच्या चालीत. हिब्रू शाळा चालवून जेवढ्या लोकांपर्यंत बायबल पोचलं असतं, त्याहून जास्त या कीर्तनांतून पोचलं असावं, असं माझं मत.

पंडिता रमाबाईंचं नाव इथं येणारच. १८५८चा जन्म. आईवडील पुराणं सांगत देशभर फिरणारे. पहाटे झोपेतल्या पोरीला आई लक्ष्मीबाई उठवून मांडीवर घेई आणि पाठ म्हणवून घेई. आईचे ओठ हेच पुस्तक. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८ हजार श्लोक मुखोद्गत झाले असं सांगतात. ही बाई पुढं ख्रिस्ती झाली आणि बायबलचा मराठी अनुवाद करायला बसली, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून. प्रचलित मिशनरी मराठी तिला जड वाटत होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या दुष्काळातून आलेल्या बायकांना कळेल अशी भाषा तिला हवी होती. खिळे जुळवण्याचं काम त्याच बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, तेव्हा अनुवाद पुरा झाला होता. छापून आला १९२४ मध्ये. १८ हजार श्लोक तोंडात वागवणाऱ्या बाईला साध्या भाषेचा आग्रह का, असं कुणी विचारेल. मला वाटतं, तोंडात काय बसतं आणि काय नुसतं अडकतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता आमच्या बाजूला. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बस धरली की खाडीच्या कडेनं डोंगरी, पाली, चौक, उत्तन. मीरा रोडच्या टॉवरांत राहणाऱ्या निम्म्या लोकांना हा पट्टा वेलंकनीच्या तीर्थापुरता आणि गोराईच्या बीचपुरता माहीत असतो. इथले ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी पोर्तुगीज काळापासूनचे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये आधी हे धारावी बेट आणि मग मे महिन्यात वसई चिमाजी अप्पांनी घेतली. राज्य गेलं, लोक आणि त्यांच्या प्रार्थना राहिल्या. उत्तर कोकणासाठी वेगळं पुराणही होतं: फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचं, १६५९चं, येशूच्या दुःखभोगाची कथा सांगणारं. उपवासकाळात ते म्हटलं जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावं लागलं, म्हणजे म्हणणारे होते.

चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिन. १९६०च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. त्याआधीच्या पिढ्यांनी लॅटिन उत्तरं नुसत्या कानानं उचलली होती. २०१० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं, त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि हातात घेऊन वाचवेल असं मराठी बायबल घरोघर गेलं.

गेल्या पावसाळ्याआधी मी उत्तनला एका मित्राच्या घरी गेलो होतो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. मित्राची भाची, सातवीतली, पाठांतराच्या स्पर्धेसाठी तेविसावं स्तोत्र म्हणत येरझाऱ्या घालत होती. तिच्या मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रोज एकेकीनं व्हॉइस नोट टाकायची आणि बाकीच्यांनी चूक सांगायची. चूक सांगताना आधी एक चांगली गोष्ट सांगायचीच, असा त्यांचा नियम. हा नियम आमच्या ऑफिसातल्या कोड रिव्ह्यूला लावायला हवा, असं मनात आलं.

पायरीवर तिची आजी बसली होती. तिला वाचता येत नाही. पोर चौथ्या ओळीवर अडखळली, छताकडं पाहत राहिली. आजीनं नुसता पुढचा शब्द उच्चारला, मराठीतला पण तिच्या बोलीच्या हेलात, आणि पोर सुटली. शेवटपर्यंत गेली. मग मोबाइल बघून म्हणाली, “आजी, तू सांगितलेला शब्द पुस्तकात नाही गं. पुस्तकात दुसरा आहे.”

“मंग पुस्तकातला बोल,” आजी म्हणाली. “पन तुला पुढलं आठवलं का नाय?”

“आठवलं.”

“मंग परत बोल, पयल्यापासून.”